सामाईक भिंत

१

चष्मेवाल्यांचा फोन आला तेव्हा मी एका लॅपटॉपच्या कीबोर्डातून बिस्किटाचा चुरा काढत होतो. कीबोर्डावर खाऊ नका, हे मी तीस वर्षं लोकांना सांगतोय. लोक मान डोलावतात आणि दोन महिन्यांनी तोच कीबोर्ड घेऊन परत येतात.

"लिहितोयस ना?" त्यांनी विचारलं. हॅलो नाही, कसा आहेस नाही. वय ऐंशीकडे झुकलं तरी माणसाची घाई तीच.

"काय लिहायचंय?"

"घ्या! अरे, आपल्या गाळ्यांच्या आठवणी. छोटं पुस्तक काढतोय ना आपण, प्रत्येक दुकानाचं एक पान. मावशींनी दिलं, किल्लीवाल्याने दिलं, घड्याळवाल्यांच्या मुलीनेसुद्धा पाठवलं. तुझं तेवढं राहिलंय. नुसतं उद्या उद्या करतोस."

"काका, मी मशीनचा माणूस. मला कुठे लिहिता येतं?"

"मग मशीनचं लिही. पण ते शेवटचं मात्र नक्की लिही. फोटोवाल्याची शेवटची टकटक तूच ऐकलीस ना. वहिनींनी, त्याच्या बायकोने, मुद्दाम सांगितलंय, ते आलंच पाहिजे."

मी बरं म्हटलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

ज्यांनी आमची ओळ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाजाराच्या मोठ्या रस्त्यावर एकाला एक चिकटून सहा गाळे होते. डावीकडून पहिले घड्याळवाले, मग शिवणकाम करणाऱ्या मावशी, मग फोटोवाला, मग माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, माझ्या उजवीकडे चष्मेवाले काका आणि शेवटी किल्लीवाला. अकरा वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला आणि अख्खी ओळ पाडली. आता तिथे गाड्या उभ्या करतात. माझं टेबल जिथे होतं तिथे परवा एक पांढरी गाडी उभी होती, आणि तिचा मालक मला विचारत होता की मी तिच्याकडे एवढा वेळ का बघतोय.

दुकान आठ फूट रुंद आणि वीस फूट खोल. दारापासूनच कॉम्प्युटरचे उघडे डबे एकावर एक रचलेले, आणि प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून गिऱ्हाइकाने सांगितलेलं दुखणं लिहिलेलं: 'मध्येच झोपतो', 'फार तापतो', 'उठायचं नाव घेत नाही'. मावशी त्या पट्ट्या वाचून म्हणायच्या, "आमच्या ह्यांनाही ठेवून घेतोस का रे आठवडाभर?"

मधल्या भिंती एका विटेच्या. इकडे शिंक आली तर तिकडून औषध सुचवलं जायचं. भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या भिंतींना तोंडही होतं. ते असं झालं. घड्याळवाले एकदा सकाळी स्टुलावरून पडले, कंबर मोडली आणि दुपारपर्यंत तसेच पडून राहिले. शटर अर्धं वर होतं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, आहेत आत. त्यानंतर टकटक सुरू झाली. सकाळी बरोबर साडेनऊला घड्याळवाले मावशींच्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायचे. मावशी फोटोवाल्याच्या भिंतीवर, फोटोवाला माझ्या, मी चष्मेवाल्यांच्या, ते किल्लीवाल्याच्या. किल्लीवाला दारात येऊन सायकलची एक जुनी घंटा वाजवायचा, म्हणजे सगळे ठीक. नियम एकच होता. डावीकडून टकटक आली नाही तर ती पुढे द्यायची नाही. हातातलं टाकून बघायला जायचं.

२

दुकान गेल्यावर मी काम घरी आणलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, आतल्या खोलीत ताई.

ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला वाढवण्यात ताईचं लग्नाचं वय निघून गेलं, आणि ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. बाकी सगळं बोलून दाखवते. गेल्या वर्षी तिच्या हृदयाने एकदा दगा दिला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा पडल्या तर पहिला तास महत्त्वाचा. लगेच आणलंत तर वाचतील. उशीर केलात तर आमच्या हातात फारसं काही नाही." तेव्हापासून मी घर सोडून फार वेळ कुठे जात नाही. ताईशिवाय मला कोणी नाही. ती नसलेलं घर डोळ्यांपुढे आलं की माझे हात कापायला लागतात, आणि कापऱ्या हाताने आमचं काम होत नाही, म्हणून मी ते डोळ्यांपुढे आणत नाही.

फोन आला त्याच संध्याकाळी मी पान लिहून काढलं. डबे, चिकटपट्ट्या, एकमेकांच्या दुकानातला चहा, सगळं भराभर आलं. शेवटाशी आल्यावर जरा थांबलो. मग लिहिलं: 'तो गेला त्या दिवशीही साडेनऊला त्याची टकटक आली. नेहमीसारखी. दोन.' एवढं लिहून लगेच चष्मेवाल्यांना पाठवून दिलं, विचार करत बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका डब्याचा पंखा साफ करत होतो. ताईचा चहा आणि गोळ्या झाल्या होत्या, ती खोलीत पडली होती. डाव्या हाताच्या भिंतीवर दोनदा टकटक झाली.

मी "हं" म्हटलं आणि पंखा पुसत राहिलो. उजवा हात आपोआप उजवीकडच्या भिंतीकडे गेला, ठोकायला. भिंतीपासून चार बोटांवर तो थांबला, कारण तेवढ्यात मला कळलं की आपण कुठे बसलोय. उजवीकडच्या भिंतीपलीकडे ताईची खोली आहे. डावीकडच्या भिंतीपलीकडे काहीच नाही. ती इमारतीची बाहेरची भिंत आहे, तिच्यात खिडकीसुद्धा नाही, आणि खाली तीन मजले मोकळी हवा.

घड्याळात पाहिलं. साडेनऊ झाले होते.

३

आमच्या धंद्यात पहिला धडा असा की आधी साधं बघायचं. दहातले सात डबे नुसती वायर सैल झाली म्हणून बंद पडलेले असतात, आणि लोक मात्र मदरबोर्ड जळाला म्हणून रडत येतात. मीही साधंच बघितलं. त्या भिंतीत पाण्याचा पाइप नाही. खालच्या मजल्यावर जाऊन विचारून आलो. ऊन त्या बाजूला दुपारी येतं, त्यामुळे सकाळी भिंत तापून वाजण्याचा प्रश्न नाही. पक्षी म्हणावा तर तो रोज घड्याळ लावून येणार नाही. टेबलाचा पाय भिंतीला लागतो का पाहिलं. टेबल वीतभर पुढे ओढलं. दुसऱ्या दिवशी टकटक आलीच.

मग राहिला माझा कान. ते तपासायला मी फोन रेकॉर्डिंगवर लावून भिंतीजवळ ठेवला. साडेनऊला दोन ठोके मी स्पष्ट ऐकले. रेकॉर्डिंग लावून पाहिलं तर त्यात पंख्याची घरघर होती, खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि बरोबर त्या क्षणाला माझा आवाज होता. "हं." मी तोंड उघडल्याचं मला आठवत नव्हतं.

चला, म्हटलं, डोकं बिघडलंय. एका अर्थी बरं वाटलं. बिघाड सापडला की निम्मं काम होतं. आठवणी लिहायला बसलो आणि जुनी सवय वर आली, एवढंच. दोन-चार दिवसांत जाईल.

गेली नाही. आणि तिच्यात एक गोष्ट होती जी मी चार दिवस स्वतःपाशीही कबूल केली नाही. पहिल्या दिवशी आवाज माझ्या खांद्याच्या उंचीवरून आला होता, उभा माणूस ठोकतो तसा. दुसऱ्या दिवशी टेबलाच्या थोडा वरून. मी पेन्सिलने भिंतीवर खूण करायला लागलो. तिसऱ्या दिवशीची खूण टेबलाखाली गेली. पाचव्या दिवशी ती माझ्या गुडघ्यापाशी होती, आणि ठोकणाऱ्याच्या हातात पहिल्यासारखा जोर नव्हता.

सहाव्या दिवशी दुपारी ताई जेवताना म्हणाली, "सकाळी भिंत ठोकत जाऊ नकोस. जरा कुठे डोळा लागतो."

घास माझ्या हातातच राहिला. "मी नाही ठोकत."

"मग काय माझा सासरा ठोकतो? तो असता तर बरंच झालं असतं."

"कुठे ऐकू येतं?"

"तुझ्या बाजूच्या भिंतीत. खाली, पलंगाच्या पायापाशी. चांगलं दोनदा." तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तोंड का असं झालं?"

"पाइप असेल," मी म्हटलं.

"पाइपाला बरं दोनपर्यंत मोजता येतं."

मी हसलो. मी उजवीकडे एकदाही ठोकलं नव्हतं. मी पुढे न देताच ती टकटक माझ्या खोलीतून ताईपर्यंत गेली होती.

४

आता ते सांगतो जे पानात लिहिलं नाही.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या सकाळी माझ्याकडे एका बाईंची हार्ड डिस्क होती. त्यांच्या नवऱ्याचे सगळे फोटो तिच्यात होते, नवरा जाऊन महिना झाला होता, आणि दुसरीकडे कुठेच नक्कल नव्हती. हार्ड डिस्क मरायला लागली की आतून टकटक आवाज करते. आतला काटा जागा शोधत राहतो आणि परत परत आपटतो. अशी डिस्क फार वेळ चालवता येत नाही, जेवढं निघेल तेवढं लवकर काढून घ्यायचं असतं. मी आठ वाजल्यापासून तिच्याशी झटत होतो. कान जवळजवळ तिच्यावर टेकवला होता.

आवाज येत होता. टक. मग थोडं थांबून टक. मध्येच मला वाटलं की हा डिस्कचा नाही, कुठूनतरी खालून येतोय. म्हणून मी डिस्कची वायर काढली.

वायर काढल्यावरही तो आवाज तीन वेळा आला.

मी मनाशी म्हटलं, इतका वेळ ऐकून कानात घुमतोय. वायर परत लावली आणि कामाला लागलो. साडेनऊ झाले. फोटोवाल्याची टकटक आली नाही. तो कधीकधी आत अंधारखोलीत असला की पाच-दहा मिनिटं उशिरा द्यायचा. त्या दिवशी पावणेदहा झाले. चष्मेवाल्यांनी त्यांच्या बाजूने भिंतीवर थाप मारली, काय झालं विचारल्यासारखी. डिस्कमधून तेव्हा फोटो निघायला नुकते लागले होते, एक-एक करून, आणि मी उठलो असतो तर सगळं परत पहिल्यापासून करावं लागलं असतं. मी डिस्कवरून नजर न काढता चष्मेवाल्यांच्या भिंतीवर दोनदा ठोकलं. मिनिटभरात किल्लीवाल्याची घंटा वाजली. सगळे ठीक.

फोटोवाला दोन वाजता सापडला. अंधारखोलीत, माझ्या भिंतीच्या तळाशी, राखाडी झग्यात. फोटो धुवायच्या हायपोची बाटली फुटून वास सगळीकडे भरला होता. उजव्या हाताची बोटं सोलली होती. पडताना लागली असतील, असं ठरलं. डॉक्टर म्हणाले, हा माणूस सकाळी आठपासून पडलेला दिसतो, नऊ-साडेनऊपर्यंत आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. त्यावर चष्मेवाले म्हणाले, शक्यच नाही, साडेनऊनंतर त्याने टकटक दिलीय, ह्यालाच विचारा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

तेव्हापासून ती गोष्ट आमच्या ओळीत सांगितली जाते. मरायच्या दिवशीसुद्धा नेमाने टकटक दिली, असा पक्का माणूस. वहिनी ती पाहुण्यांना सांगतात. मीही एक-दोनदा सांगितली आहे.

बाईंचे फोटो मात्र सगळे निघाले. त्यांनी माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते.

५

सातव्या दिवशी टकटक फरशीच्या अगदी लगत आली. मी खाली बसून खूण करायला गेलो तर भिंतीला हायपोचा वास होता. कदाचित सोल्डरिंगचा असेल. मी आदल्या दिवशी सोल्डरिंग केलं होतं, आणि दोन्ही वासांत काही साम्य नाही, हे मला माहीत आहे.

मी चष्मेवाल्यांना फोन लावला. ठरवलं होतं, सरळ सांगून टाकायचं. काय करतील? बोलणं सोडतील. सोडू देत.

"काका, त्या पानातलं शेवटचं वाक्य..."

"अरे, तेच तर!" ते म्हणाले. "काल वहिनींना फोनवर वाचून दाखवलं. रडल्या रे. म्हणाल्या, पंधरा वर्षं मनात येत राहायचं, आत एकटा तळमळत तर पडला नसेल ना. आता शांत झोप लागेल. तुझं नाव घेऊन आशीर्वाद दिलाय. काय म्हणत होतास तू?"

"काही नाही. शुद्धलेखन बघून घ्या."

फोन ठेवला आणि स्वतःची लाज वाटली. लाज वाटून काय होतं? तोंड उघडत नाही ते नाहीच.

त्या संध्याकाळी मी ताईशी दुसऱ्या विषयावर बोललो. तिच्या पलंगाशी भिंत होती, आणि गेल्या वर्षीपासून आमचं ठरलेलं होतं की काही लागलं तर तिने भिंतीवर ठोकायचं. तिचा मोबाईल कायम स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यावर असतो, त्यावर माझा विश्वास नव्हता.

"आजपासून भिंत ठोकायची नाही," मी म्हटलं. "हाक मारायची."

"का?"

"त्या पाइपाचा आवाज आणि तुझा आवाज, मला फरक कळत नाही. उगाच धावत येतो."

"ये की धावत. तेवढाच व्यायाम." मग ती म्हणाली, "आणि हाक नाही मारता आली तर?"

"तुला? तुझं तोंड बंद पडलेलं मी साठ वर्षांत पाहिलं नाही."

ती हसली. उशी सारखी करून घेताना म्हणाली, "काय रे, तुला काही झालंय का? लहानपणी काही फोडलंस की असाच खोलीत यायचास आणि भलतंच बोलायचास."

"काही नाही, ताई."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढे विचारलं नाही.

मला त्या भिंतीपासून सुटका हवी होती. भिंत ठोकली की तो, आणि हाक मारली की ताई, अशी मी सरळ वाटणी करून टाकली. दोन वायरी वेगळ्या केल्या की घोटाळा होत नाही, हे आमच्या धंद्यातलं शहाणपण.

६

आठव्या दिवशी सकाळी साडेनऊला डावीकडची भिंत गप्प राहिली.

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून बसलो होतो. एकतीस झाले, बत्तीस झाले. पस्तीस झाले. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. गेला, म्हटलं. वहिनींना शांती मिळाली, त्यालाही मिळाली, आणि मीही सुटलो. खोटं का असेना, कुणाचं भलं झालं ना? असा विचार करून मी चहा ठेवायला उठलो.

तेवढ्यात उजवीकडे सुरू झालं.

टक. टक.

ताईच्या बाजूच्या भिंतीत, फरशीपाशी. मी जागच्या जागी उभा राहिलो. दोन झाल्या की थांबेल असं वाटलं. थांबली नाही. परत दोन. परत दोन. आठ दिवसांत हे असं कधी झालं नव्हतं. दोन व्हायच्या आणि संपायचं. आता ती सलग येत होती, घाईने, आणि जोरात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं पान हलत होतं.

"ताई?" मी हाक मारली.

उत्तर नाही. ह्या वेळी ती झोपलेली असते. ताई असती तर तिने हाक मारली असती, कालच ठरलं होतं. म्हणजे हा तोच. काल डाव्या भिंतीत होता, आज उजव्या भिंतीत आलाय. मी गेलो की काय दिसेल? मी दार उघडायचं आणि ताईला उठवून काय सांगायचं? तिचं हृदय हे असं, आणि मी भुतांच्या गोष्टी घेऊन तिच्या अंगावर जायचो. नाही जायचं. उत्तर दिलं की ते वाढतं. मी हे सगळं अगदी मुद्देसूद, एकापुढे एक विचार करून ठरवलं. त्या वेळी मला माझ्या डोक्याचा थोडा अभिमानही वाटला.

धूळ उडवायचा ब्लोअर टेबलावर होता. मी तो सुरू केला आणि कालच साफ केलेल्या डब्यात घातला. त्याचा आवाज असा की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. ब्लोअर दोन्ही हातांनी धरून मी डोळे मिटून बसलो. आवाज ऐकू येत नव्हता, पण माझी पावलं फरशीवर होती आणि फरशीतून ती टकटक मला कळत होती. हळूहळू दोन ठोक्यांत अंतर पडायला लागलं. मग एकेकच यायला लागला. मग तोही नाही.

ब्लोअर बंद केला तेव्हा साडेदहाला पाच मिनिटं होती.

७

चहा केला. ताईचा कप घेऊन तिच्या खोलीचं दार ढकललं.

पलंग रिकामा होता. ताई खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली पडली होती. पडदा ओढायला उठली असावी. पडद्याची एक बाजू तिच्याबरोबर खाली आली होती. दोन्ही हात अंगाखाली अडकले होते. त्या जागेपासून माझ्या भिंतीपर्यंत अख्खी खोली होती आणि मध्ये पलंग. तिचा हात भिंतीला लागणं शक्यच नव्हतं.

मी कप कुठे ठेवला मला आठवत नाही. वळताना पलंगाच्या पायापाशी, भिंतीच्या तळाशी एक बाही दिसली. राखाडी, कोपरापासून मनगटापर्यंत, तिच्यावर पिवळट डाग. बोटं भिंतीला टेकलेली होती. मी पापणी मिटून उघडली तेव्हा तिथे भिंत होती, रंगाचा पोपडा निघालेला होता आणि खाली फरशीवर चुरा पडला होता.

रुग्णवाहिकेला फोन केला. पत्ता दोनदा सांगावा लागला. मग ताईपाशी बसून तिचे हात मोकळे केले, डोकं मांडीवर घेतलं. अंग थंड घामाने भिजलं होतं. तिने डोळे उघडले. ओठ हलले, पण आवाज इतका बारीक की मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"किती वेळ ठोकत होता रे बिचारा," ती म्हणाली. "तुझा तो शेजारी. मला म्हणाला, मी बोलावतो त्याला. हात सोलले त्याचे."

"बोलू नकोस, ताई. येतायत ते."

"तू का नाही आलास?"

तास उलटून गेला असावा, हे मला माहीत होतं. खरं सांगायला आता कुणाला घाबरायचं राहिलं होतं? खोलीत आम्ही दोघंच होतो. तिने मला वाढवलं होतं, माझं काहीही पोटात घातलं असतं.

"मला ऐकूच आलं नाही, ताई," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सहा वर्षांचा असल्यापासून माझं प्रत्येक खोटं तिने ह्याच नजरेने पकडलं आहे. ती रागावली नाही. तिने माझ्या मांडीवरच मान फिरवली, आणि शेवटपर्यंत तोंड त्या भिंतीकडे करून पडून राहिली.